लाज कोणाची?

“खेड्यातल्या बायका तपासणीला येतच नाहीत हो, लाजतात!” हे वाक्य शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकले आहे की, ऐन दिवाळीत कडू बोलण्याचा दोष पत्करूनही त्याचा समाचार घेणे मला भाग आहे.

आमच्या धाराशिव जिल्ह्याने, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादने, हे वाक्य केव्हाच खोटे पाडले आहे. १९९९ साली मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय यांनी येथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा अभ्यास सुरू केला. खेड्यांचे ५२ गट; तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. त्यांतल्या तीन भागांना तीन तऱ्हांच्या तपासणीचे बोलावणे गेले. चौथ्याला गेले नाही. ज्यांना बोलावले, त्यांच्यापैकी दहांतल्या जवळजवळ आठ जणी आल्या. मी शिक्षक आहे. दहांतली आठ मुले परीक्षेला बसली, तर त्या वर्गाला मी कामचुकार म्हणणार नाही.

अभ्यासाचा निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला. ज्या भागात विषाणूची तपासणी एकदाच, फक्त एकदाच झाली, तेथे आठ वर्षांत या रोगाने ३४ बायका गेल्या. बोलावणे न गेलेल्या भागात बायकांची संख्या थोडी कमीच होती, तरी तेथे गेल्या ६४. या चौसष्ट जणी काय लाजेने मेल्या? त्यांना बोलावायचे नाही, हा अभ्यासाचा नियम होता, आणि त्यावर पुढे वादही माजला.

पण अभ्यास संपल्यावर कोणता नियम आडवा आला? २०१६ साली सरकारने देशभरासाठी तपासणीची योजना आखली. तीत विषाणूची तपासणी नव्हती, व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची स्वस्त रीत होती. उस्मानाबादेत त्या रीतीने मृत्यू म्हणण्यासारखे घटले नव्हते. तीही किती जणींपर्यंत पोहोचली? २०१९ ते २१च्या राष्ट्रीय पाहणीत, तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांत ही तपासणी कधीतरी झालेल्या दोनही भरल्या नाहीत. आणि शहरातल्या शिकल्यासवरल्यांनी हसू नये. त्यांचा आकडा याहून फारसा निराळा नाही!

म्हणजे कमतरता लाजेची नव्हे, बोलावण्याची आहे. घरोघर जाऊन समजावले, तपासणी गावाजवळ नेली, फुकट केली, की बाई येते. हे न करता तिला अडाणी ठरवणे फार सोयीचे असते. त्यात पैसा लागत नाही.

वाचकहो, ओवाळणीत साडी अवश्य घाला. पण बहिणीला एवढे विचारा : “ताई, तुझी तपासणी झाली का?” आणि सरकारलाही विचारा, तिला बोलावणे कधी धाडणार? लाजायचेच असेल, तर न विचारणाऱ्यांनी लाजावे.