रविवारचे भोजन



देडतलाईच्या एका भगिनीने रविवारच्या जेवणासाठी डुकराचे मांस बियरमध्ये शिजविण्याचा बेत योजिला होता. तिने मला पुसले, “फादर, शिजताना दारू उडून जाते ना?”

सर्व उडत नाही. अडीच तास शिजवूनही मद्यार्काचा सुमारे ५ टक्के अंश उरतो. शिवाय घरधन्याने नुकतीच मोहाची सोडली असेल, तर उघडी बाटलीच त्याला मोहात पाडावयास पुरेशी आहे.

विंदालूच्या मूळ पोर्तुगीज पदार्थात द्राक्षमद्य व लसूण असे. गोव्यात मद्याच्या जागी माडीचा शिरका आला, आणि चव काही उणावली नाही. आपणही तेच करावे. मांसास शिरका, लसूण, आले व मिरची लावून तासभर मुरवावे. मग मातीच्या भांड्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर दोन-अडीच तास शिजवावे. चिवट तंतू मंद आचेनेच विरघळतात. त्यास बियर लागत नाही. मात्र मांस आत तांबूस राहू देऊ नये. अर्धकच्च्या मांसातून पट्टकृमी पोटात जातात.

बियरचे पैसे वाचतील, आणि घरधनी शुद्धीवर राहून मुलांच्या पंक्तीस बसेल. त्या भगिनीला मी एवढेच सांगितले.