चालणे हाही व्यायामच

काही मुलामुलींना गोंगाट सहन होत नाही. वसतिगृहातील आरडाओरडा, झगझगीत दिवे, गर्दी यांनी ती लवकर थकतात. लोक त्यांना ‘नाजूक’ म्हणून हसतात. हे बरे नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एलेन अ‍ॅरन यांनी १९९७ साली सांगितले, की हा आजार नव्हे. हा स्वभावाचा एक गुण आहे.

महाविद्यालयात अभ्यासाचा ताण वाढतो. अशा मुलांच्या मनावर त्याचा भार अधिक पडू शकतो. व्यायामाने मन हलके होते, झोप चांगली लागते. पण शिट्ट्या आणि आरोळ्यांनी भरलेल्या मैदानावर त्यांना ढकलले, तर ती व्यायामालाच कंटाळतील. शांत रस्त्यावर भरभर चालणे हाही व्यायामच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले, की प्रौढांनी आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा. रोज २५ मिनिटे चालले, तरी तेवढा होतो.

म्हणून महाविद्यालयांनी केवळ सामने भरवून थांबू नये. एकट्याने चालणाऱ्यासाठीही सकाळी मैदान खुले ठेवावे. आणि तरीही मन उदासच राहिले, तर डॉक्टरांकडे जावे. ताप आल्यावर आपण लाजतो का? मग यात लाज कसली?