थंडीतली दौड आणि फजरची वेळ

दिवाळी सरून थंडी पडू लागली की मोशीतली पहाट बदलते. फजरची जमात सुटून माणसं मशिदीबाहेर पडतात, तोवर देहू-आळंदी रस्त्यावर आणि स्पाइन रोडला धावणाऱ्यांची ये-जा सुरू झालेली असते. त्यांत चाकणच्या कंपन्यांतले कामगार असतात, बँकेतले कर्मचारी असतात, दुपट्टा घट्ट बांधून झपझप चालणाऱ्या बायका असतात. गेल्या काही वर्षांत आपल्या घरांतली मुलं-मुलीही त्यांत दिसू लागली आहेत. आता ती नुसती मोशीत धावून थांबत नाहीत. डिसेंबरात पुण्याला आणि वसई-विरारला, जानेवारीत मुंबईला धावायला जातात.

त्याबरोबर घरात प्रश्नही येतात. आजी विचारते, एवढं धावून मिळतं काय? अब्बा विचारतात, खर्च किती? आई विचारते, मुलगी कुणाबरोबर जाणार, काय घालणार? आणि एक प्रश्न सगळेच विचारतात: त्या दिवशी फजरचं काय? हे प्रश्न रास्त आहेत. ‘आजकालची फॅडं’ म्हणून ते उडवून लावू नयेत, आणि त्यांच्या धाकानं मुलांना घरातही बसवू नये. म्हणून या महिन्यात त्यांचाच विचार करू.

आधी थोडी माहिती. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, त्याच्या निम्म्याला अर्धमॅरेथॉन म्हणतात. बाकी दहा आणि पाच किलोमीटरच्या दौडी असतात. लोक त्यांनाही सवयीनं मॅरेथॉनच म्हणतात. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली आणि डिसेंबरचा पहिला रविवार ही तिची जुनी ओळख. मुंबईची २००४ पासून, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी. माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं मुंबईत भारतीय महिलांमध्ये पहिला क्रमांक मिळवला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत त्या पोहोचल्या. दुष्काळी भागातल्या, साध्या घरातल्या मुलीला या रस्त्यानं कुठवर नेलं, याचा हा आपल्या जवळचा दाखला.

या दौडी हिवाळ्यातच का? धावताना आपण जी ऊर्जा खर्च करतो तिचा जेमतेम पाव हिस्सा पाय हलवण्यात जातो; उरलेल्याची उष्णता होते. ती घामावाटे बाहेर टाकावी लागते. हवा थंड आणि कोरडी असेल तर घाम लवकर सुकतो आणि अंग थंड राहतं. हवा दमट असेल तर घाम नुसता गळतो, अंग काही थंड होत नाही. मोशीहून मुंबईला जाणाऱ्याला नेमकं हेच लक्षात ठेवायचं आहे. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारा अंशांवर असतो आणि हवा कोरडी. तिथे समुद्राची दमट हवा. आठनंतर ऊन चढतं, आणि पूर्ण मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ येतो तो शेवटच्या टप्प्यात, पाय जड झाल्यावर. इथल्या थंडीत जो वेग सहज जमतो, तो तिथे धरला तर माणूस शेवटी कोलमडतो. मुंबईत पहिला तासभर मुद्दाम हळू धावावं.

थंडीचीही आपली एक लबाडी आहे. गारव्यात तहान लागत नाही, पण घाम तर जातोच. म्हणून थोडं थोडं पाणी घेत राहावं. उलट भीतीपोटी लिटरवारी पाणी ढोसणंही वाईट. त्यानं रक्तातलं मीठ कमी पडून चक्कर येते, शुद्धही जाऊ शकते. सुती बनियन घाम धरून ठेवतो आणि दौड संपल्यावर तोच अंगावर गार पडतो. धावायला पटकन सुकणारं कापड बरं. संपल्याबरोबर कोरडा शर्ट अंगात घालावा. ओठांना, काखेत आणि मांड्यांना व्हॅसलीन लावावं. थंडीत धावण्याचं टोक पाहायचं तर लडाखमध्ये पाहावं. २० फेब्रुवारी २०२३ रोजी पँगाँग सरोवराच्या गोठलेल्या पाण्यावर २१ किलोमीटरची दौड झाली, उणे तापमानात. ते तयारीच्या लोकांचं काम. आपल्याला पुणे-मुंबई पुरे.

हवेबद्दलही एक सांगणं. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. त्यामुळे धूर वर जात नाही, खालीच साचून राहतो. मोशीत पुणे-नाशिक महामार्गाची वाहतूक आहे, चाकणकडे जाणारे ट्रक आहेत, कचरा डेपो आहे. ज्या दिवशी धुरकं दिसेल, वास येईल, त्या दिवशी अंधारात धावण्याचा हट्ट नको. ऊन वर आल्यावर आणि महामार्गापासून दूर धावावं. दम्याच्या माणसानं तर हा नियमच करावा. आणि रात्रपाळी करून आलेल्यानं झोपेआधी लांब धावू नये. पाळीतल्या कामगारानं आठवड्याची आखणी पाळीप्रमाणे बदलावी.

कामगारावरून आठवलं. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकची मॅरेथॉन बुगेरा अल-वाफी या माणसानं जिंकली. अल्जेरियातल्या बिस्क्रा भागातला हा मुसलमान तरुण तेव्हा पॅरिसजवळच्या रेनॉ मोटार कारखान्यात कामाला होता. शिफ्ट सांभाळून धावणारा, आपल्या चाकणच्या पोरांसारखाच. पुढे हौशी खेळाडूचे नियम आड आल्यानं त्याची स्पर्धा बंद झाली, गरिबीत दिवस गेले आणि जग त्याला विसरलं. पदकावर आयुष्य टांगू नये, हेही त्याच्याकडूनच शिकावं.

आता मूळ प्रश्न, फजरचा. मुंबईची पूर्ण मॅरेथॉन अलीकडे पहाटे पाचच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सुटते. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सुबह सादिक होते सहाला काही मिनिटं असताना, आणि सूर्य उगवतो सव्वासातच्या आसपास. म्हणजे फजरची अख्खी वेळ दौडीच्या आत पडते. निघण्याआधी नमाज पढता येत नाही, कारण वेळ झालेली नसते. संपल्यावर पढावी तर ती कजा. किलोमीटरला सात मिनिटं घेणारा धावपटू या वेळेत साधारण आठव्या ते एकोणिसाव्या किलोमीटरच्या मध्ये कुठेतरी असतो. तिथे त्याला थांबावंच लागतं.

थांबायला लागतं किती? दोन सुन्नत, दोन फर्ज: सहा-सात मिनिटं. घड्याळ थांबत नाही. चार तासांच्या आत पूर्ण करायचं म्हणून वर्षभर झटलेल्या मुलाला ही सहा मिनिटं फार मोठी वाटतात, हे मी समजू शकतो. पण सरळ विचार करा. आपण पगारी धावपटू नाही. त्या सहा मिनिटांनी कुणाची भाकर जात नाही, एक आकडा तेवढा बदलतो. फजर मात्र त्या दिवसाची एकच. म्हणून मुलांना माझं सांगणं असं की, लक्ष्य ठरवतानाच ही सहा मिनिटं धरून ठरवा. चार तासांऐवजी चार तास सहा मिनिटं. मग थांबताना मन चरफडणार नाही.

त्याची तयारीही करावी लागते. निघण्याआधी वजू करून घ्या. शौचालयांपुढे रांगा असतात, म्हणून बाटलीभर पाणी जवळ ठेवा. घामानं वजू तुटत नाही. घासून रक्त वाहिलं तर मात्र हनफी आणि शाफई मतांत फरक आहे. आपल्या मौलानांना आधी विचारून ठेवा. खिशात पातळ कापडाची घडी ठेवा. धावणाऱ्यांच्या वाटेत उभं राहू नका, फुटपाथवर बाजूला जा. आणि पुरुषांनी एक गोष्ट विसरू नये: धावण्याची चड्डी गुडघ्याच्या वर असते, सतर नाभीपासून गुडघ्यापर्यंत. गुडघ्याखाली येणारी पँट घातली की प्रश्नच मिटतो. मोशी ते मुंबई हे अंतर कसर नमाजेच्या हद्दीत येतं. पण फजर दोनच रकात असल्यानं तीत काही कमी होत नाही. पुणे शहरात धावायला गेलं तर तो सफर धरला जात नाही.

यापुढे एक मोठा पेच येणार आहे. रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस मागे सरकतो. २०२७ मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होईल, २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस. चंद्रदर्शनाचा एखादा दिवस इकडेतिकडे सोडला तर २०२९, २०३० आणि २०३१ ही तीन वर्षं जानेवारीचा तिसरा रविवार रमजानमध्येच येईल. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे, असं कुणी म्हणेल. सवलत आहे खरी. पण हौसेच्या दौडीसाठी ती वापरावी का, हे ज्यानं त्यानं आलिमांना विचारावं. माझं मत विचाराल तर त्या तीन वर्षांत मुंबईला सुट्टी द्यावी आणि डिसेंबरातल्या पुण्याच्या दौडीत धावावं. इफ्तारनंतर हलकी दौड घेतली तर सराव मोडत नाही. सिफान हसन यांनी २०२३ मध्ये रमजानचे रोजे ठेवत लंडन मॅरेथॉनचा सराव केला. ईदनंतर दोन दिवसांनी, २३ एप्रिलला, त्या आयुष्यातली पहिली मॅरेथॉन धावल्या. वाटेत कंबरेजवळ दुखू लागल्यानं थांबून पाय ताणावे लागले, मागे पडल्या आणि तरी जिंकल्या.

या सिफानबाईंची गोष्ट मुलींच्या आयांनी जरूर ऐकावी. इथिओपियात जन्म, पंधराव्या वर्षी निर्वासित म्हणून नेदरलँड्समध्ये आगमन. ११ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकची मॅरेथॉन त्यांनी २ तास २२ मिनिटं ५५ सेकंदांत जिंकली आणि समारोपाच्या समारंभात हिजाब घालून सुवर्णपदक स्वीकारलं. धावताना काय घालायचं, हा प्रश्न सुटणारा आहे. पूर्ण बाह्यांचा सैल कुर्ता, खाली पूर्ण पँट, डोक्याला घट्ट बसणारा हलका हिजाब. थंडीत तर ते सोयीचंच. खरा प्रश्न सुरक्षिततेचा. अंधारा रस्ता, भटकी कुत्री, भरधाव ट्रक. त्यावर उपाय म्हणजे एकटीनं न जाणं: दोघी-तिघी मिळून, उजेडाच्या रस्त्यानं, किंवा भोसरीच्या इंद्रायणीनगरमधल्या क्रीडा संकुलात. आईनंच बरोबर चालायला जावं, हे तर सगळ्यांत उत्तम.

प्रेषित मुहम्मद (स.) आणि हजरत आयेशा (रजि.) यांच्या शर्यतीची हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती शर्यत प्रवासात झाली होती. पहिल्या वेळी हजरत आयेशा पुढे गेल्या. पुढे बऱ्याच काळानं, त्यांचं अंग थोडं भरल्यावर, प्रेषित पुढे गेले आणि हसत म्हणाले की ही त्या वेळची परतफेड. या हदीसवरून धावणं जायज आहे एवढंच आपण सांगतो. मला तिच्यात दुसरंही दिसतं: पत्नी घरात डबा भरत बसली नव्हती, तीही धावत होती. रविवारी पहाटे चारला उठून नवरा धावायला जातो. त्याचा नाश्ता, मुलं, सासूबाईंची औषधं बायको बघते. ती कधी बाहेर पडणार? ज्या घरात एक जण धावतो, त्या घरात दुसऱ्याच्या वाटणीची सकाळही ठरलेली हवी. एका रविवारी तो, एका रविवारी ती.

खर्चाचंही मोजून बघा. प्रवेश शुल्क, बूट, रेल्वे, मुक्काम. मुंबईला नंबराचं कापड, म्हणजे बिब, आधीच्या दिवसांत स्वतः जाऊन घ्यावं लागतं. रविवारी पहाटे मिळत नाही. म्हणजे एक दिवस आधी निघणं आलंच. चिंचवडहून रेल्वेनं जावं, भायखळा-कुर्ल्याला नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे उतरावं. मात्र तिथे खालाजान शनिवारी रात्री निहारी आणि बिर्याणी वाढतील. प्रेमानं सांगावं, रविवारी दुपारी जेवतो. आज साधी खिचडी द्या. बुटांसाठी व्याजाचा हप्ता मात्र काढू नये. छंदासाठी सूद भरणं शोभत नाही.

आणि ज्याच्या नावाचा बिब त्यानंच तो लावावा. कंपन्यांत सर्रास होतं: एकाला जमत नाही, तो मित्राला देतो. गंमत वाटते, पण ती खोटी साक्ष आहे. शिवाय तीत धोका आहे. बिबच्या मागे रक्तगट आणि घरचा फोन नंबर लिहायचा असतो. रस्त्यात कुणी पडलं तर डॉक्टर तेच बघतात. दुसऱ्याचा बिब लावलेला माणूस पडला, तर फोन भलत्याच घरी जातो.

चाळिशी ओलांडलेल्यांनी, साखर किंवा रक्तदाब असलेल्यांनी नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्यावी. ताप असेल तर त्या दिवशी धावूच नये, पैसे बुडाले तरी चालतील. छातीत दाब वाटला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला की तिथेच थांबावं. आपलं शरीर ही अल्लाहची अमानत आहे. ती सांभाळण्यासाठी धावायचं, म्हणून ती गमावेल असं धावू नये.

पहिल्यांदाच विचार करणाऱ्यांनी थेट ४२ किलोमीटरची उडी घेऊ नये. या हिवाळ्यात आठवड्यातून तीन दिवस धावा, पुढच्या डिसेंबरात दहा किलोमीटर, त्यानंतर अर्धमॅरेथॉन. आणि नाव नोंदवण्याआधी घरच्यांसोबत बसून तीन गोष्टी ठरवा: फजर कुठे पढायची, पैसे कुठून येणार आणि पुढचा रविवार कुणाचा.