'मा रेवा' : आंदोलनाचं गाणं?

'इंडियन ओशन' म्हटलं की बहुतेकांना 'कंदिसा' आठवतं. मला मात्र २००० साली आलेल्या त्याच नावाच्या अल्बममधलं 'मा रेवा' जास्त जवळचं वाटतं. बँड दिल्लीचा, १९९० पासूनचा. गाणं मात्र आपल्या शेजारचं! खानदेशातून उत्तरेला सातपुडा ओलांडला की नर्मदा, आणि रेवा हे तिचंच नाव.

हे गाणं बँडने रचलेलं नाही. नर्मदाकाठचं ते पारंपरिक लोकगीत. बँडमध्ये बेस गिटार वाजवणारा आणि गाणारा राहुल राम अमेरिकेत पीएच.डी. करून परतला आणि ९० च्या दशकाच्या सुरुवातीची काही वर्षं नर्मदा बचाव आंदोलनात राहिला. खोऱ्यातली गाणी त्याच्यासोबत बँडमध्ये आली. मग सुस्मित सेनची गिटार, असीम चक्रवर्तीचा तबला आणि आवाज, अमित किलमचे ड्रम्स असं सगळं त्यात मिसळलं.

या इतिहासामुळे पुष्कळ जण याला 'आंदोलनाचं गाणं' म्हणतात. मला ते पटत नाही. शब्द नीट ऐका. त्यात धरण नाही, सरकार नाही, घोषणा नाही. आहे ती फक्त माऊलीच्या स्वच्छ, वाहत्या पाण्याची स्तुती. परिक्रमेला निघालेल्या एखाद्या आजोबांनी म्हणावं असं गाणं आहे हे.

मग ऐकताना गलबलून का येतं? कारण स्तुती तीच राहिली आणि नदी बदलली. अल्बम आला त्याच वर्षी, १८ ऑक्टोबर २००० ला, सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराचं बांधकाम पुढे नेण्याला परवानगी दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये धरण पहिल्यांदा पूर्ण, म्हणजे १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. गाण्यातलं पाणी वाहतं आहे, धरणामागचं पाणी उभं आहे. मणिबेलीचं शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर त्याच उभ्या पाण्याखाली गेलं. मणिबेली म्हणजे अक्कलकुवा तालुका, १९९८ पर्यंत आपला धुळे जिल्हा, आता नंदुरबार. अक्कलकुवा आणि अक्राणी मिळून महाराष्ट्रातली ३३ गावं या धरणाने बाधित झाली.

बदल्यात महाराष्ट्राला काय मिळालं? तिथल्या विजेतला २७ टक्के वाटा.

आता, दीपनगरमध्ये बसून विजेला नावं ठेवणं मला शोभणार नाही. इथे तापीचं पाणी आणि कोळसा यांवर वीज तयार होते आणि तिच्यावरच हजारो चुली पेटतात. राहुल रामची बेस गिटारसुद्धा विजेशिवाय मुकीच की! वीज हवीच. पण बिलावर युनिट छापलेले असतात, गावं छापलेली नसतात. अक्राणीतल्या एखाद्या म्हातारीचं शेत, देव, घाट कुठल्या रकान्यात लिहायचं, ते अजून ठरलेलं नाही.

म्हणूनच घोषणेपेक्षा हे गाणं मला जड जातं. घोषणेशी वाद घालता येतो. सिंचनाचे आकडे, मेगावॅटचे आकडे तोंडावर फेकता येतात. पण कुणी नुसतंच आपल्या आईचं कौतुक करत असेल, तर त्याला काय उत्तर देणार?

असो. कधी निवांत वेळ मिळाला तर ऐका. आणि शक्यतो दिवे चालू ठेवूनच ऐका.