घरची दुरुस्ती : जुन्या पिकअपचा बिल्ला

एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांच्या सासऱ्यांची जुनी शेव्हरोलेट पिकअप गाडी गोठ्याशेजारच्या छपरात कित्येक वर्षे उभी आहे. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा भाव सांगून गेला. मामंजी आता थकले आहेत, पण ‘मी आहे तोवर गाडी हलवायची नाही’ म्हणतात. धाकट्या दिरांनी ती पुन्हा चालती करण्याचे मनावर घेतले आहे. इंजिनाचे काम मिस्त्री पाहतो आहे. बॉनेटवरचा बिल्ला मात्र भावजी फॅब्रिकेशनच्या दुकानात नेऊन बफच्या चाकावर चकचकीत करून आणणार आहेत. ताई विचारतात, नेऊ द्यावा का?

ताई, नेऊ देऊ नका. निदान हा मजकूर भावजींना वाचून दाखवेपर्यंत तरी नको.

आधी या गाडीविषयी थोडे. ही गाडी अमेरिकन खरी, पण आपल्या मुंबईशी तिचे जुने नाते आहे. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली शिवडीला कारखाना काढला. सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे गाड्या जोडल्या जायच्या. पुढे सरकारने, नुसती जोडणी नको, गाडी इथेच बनवा, असे धोरण धरले आणि १९५४ साली हा कारखाना बंद झाला. गोल खांद्यांची, आडव्या पट्ट्यांच्या जाळीची जी शेव्हरोलेट पिकअप जुन्या लोकांना आठवते, ती अमेरिकेत १९४७ ते १९५५ या काळात निघाली. बिल्ल्यावरची गळ्यातल्या बोसारखी खूण त्याहून जुनी, १९१३ सालची. कंपनीचा संस्थापक ड्युरंट याला ती फ्रान्समधल्या एका हॉटेलच्या भिंतीवरच्या कागदात दिसली असे सांगत. त्याच्या बायकोचे म्हणणे वेगळे होते. वर्तमानपत्रातली एक जाहिरात पाहून त्याने ती उचलली, असे ती म्हणे. घरच्या माणसाचे ऐकावे असे मला वाटते.

आता कामाकडे. बिल्ला मागून नटांनी आवळलेला असतो आणि ते नट गंजून बसलेले असतात. पाना लावून एकदम जोर करू नका. डिझेलमध्ये थोडे इंजिन ऑईल मिसळून मागून चार थेंब सोडावे, रात्रभर राहू द्यावे, सकाळी पुन्हा सोडावे. दोन दिवस गेले तरी चालेल. खुंटी मोडली तर तिला वेल्डिंग करायला नेऊ नका. असले बिल्ले बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतलेले असतात. जस्त चारशे वीस अंशांच्या आसपास वितळते आणि ही मिश्रधातू त्याच्याही आधी. वेल्डिंगच्या ठिणगीखाली बिल्ल्याचे पाणी होईल. मोडलेल्या जागी पितळी खुंटी बसवून ती दोन नळ्यांच्या अराल्डाईटने चिकटवावी आणि एक दिवस हात लावू नये.

धातू कोणता ते घरीच कळते. लोहचुंबक चिकटला तर पत्रा. नाही चिकटला तर मागची बाजू जरा खरवडून पाहावी. पिवळे दिसले तर पितळ, पांढरे आणि हाताला हलके लागले तर ॲल्युमिनियम, राखाडी आणि वजनदार असेल तर जस्त. जस्तावरचा क्रोम फुगून त्याखाली पांढरी भुकटी धरते, ती खूण पक्की. हे कळल्याशिवाय काहीही लावू नये. पितळेला चिंच चालते, आपण देवाची भांडी तशीच घासतो. पण जस्ताला आंबट आणि कॉस्टिक सोडा दोन्ही खातात. जस्ताचा बिल्ला रिठ्याच्या कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवावा, इतकेच. वीटकरीची पूड, राख, तारेचा काथ्या दूर ठेवावा.

बफच्या चाकाला माझा विरोध एवढ्याचसाठी आहे. वरचा क्रोमचा थर केसापेक्षाही कितीतरी पातळ असतो. चाक फिरले की तो जातो, मग निकेल, मग तांबे, आणि अक्षरांच्या कडा गोल होतात. एका दुपारच्या हौसेत साठसत्तर वर्षे टिकलेली धार निघून जाते आणि ती परत येत नाही. क्रोम खरोखरच गेला असेल तर मुलामा देणाऱ्या कारखान्यात न्यावा. पण ‘जस्ताच्या ओतीव कामाची सवय आहे का?’ असे आधी विचारावे. नुसत्या लोखंडाचे काम करणारा तो सरळ तेजाबात टाकेल.

दुसरी परीक्षा रंगाची. खोलगट भागातला रंग कधी साधा असतो, तर कधी मीना, म्हणजे भट्टीत वितळवून बसवलेली काच. थिनरमध्ये कापूस बुडवून कोपऱ्यात घासावा. कापसाला रंग लागला तर साधा रंग, नाही लागला तर मीना असण्याचा संभव. मीना थोडा टवका गेलेला असला तरी तसाच ठेवावा. नव्या चकाकीपेक्षा त्याला मोल जास्त.

साधा रंग उखडलेला असेल तर काढावाच लागेल, आणि इथे ताईंनी पदर खोचून उभे राहावे. जुन्या रंगात शिसे असू शकते. आपल्याकडे घरगुती रंगांतले शिसे दहा लाखांत नव्वद भागांच्या आत असावे हा नियम २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाला, मग त्या काळच्या गाडीच्या रंगाची काय कथा! कोरडे घासू नये, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावे. लहान मुले आणि गरोदर बाई जवळ नकोत. स्वयंपाकाचे भांडे वापरू नये. आणि गाडी गोठ्याशेजारी आहे म्हणून सांगतो, खरवड गव्हाणीजवळ पडता कामा नये. वासरांना चाटायची खोड असते. शिसे पोटात गेले की जनावर आंधळे होते, दात खाते, झटके येऊन मरते. सारी खरवड कागदावर धरावी, पिशवीत बांधावी आणि उकिरड्यावर टाकू नये, नाहीतर ती खतातून शेतात जाईल. खाचेतला रंग काढायला बांबूची चोय घ्यावी, स्क्रू ड्रायव्हर नको.

मूळ रंग कोणता होता ते खरवडतानाच तळाशी दिसते. तो पाहून, चिठीवर लिहून ठेवावा. जस्तावर नेहमीचा प्रायमर धरत नाही. दुकानात एच प्रायमर मागावा आणि त्याचा अगदी पातळ हात द्यावा. रंग ऑईल पेंटचा. गुरांना टोचायची जाड सुई मिळते, तिचे टोक कानसून बोथट करावे आणि सिरिंजने रंग खाचेत थेंबाथेंबाने सोडावा. तो आपोआप पसरतो, ब्रशच्या रेघा उठत नाहीत. पंधरा मिनिटांनी सपाट लाकडी पट्टीला सुती कापड ताणून गुंडाळावे, टर्पेंटाइनने जरासे ओलसर करून वरच्या कडांवरून एकदाच फिरवावे. कापड सैल असले तर खाचेतलाही रंग उचलला जातो. एक जाड थर देण्यापेक्षा दोन पातळ द्यावे, मध्ये एक दिवस जाऊ द्यावा. वाळेपर्यंत बिल्ल्यावर कोंबड्यांचे डालगे पालथे घालून वर धुतलेले धोतर टाकावे. धूळ बसत नाही आणि मांजरही येत नाही. हे काम पावसाळ्यात करू नये, दमट हवेत चमक मरते. दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

मागच्या फाळक्यावरची उठावाची अक्षरे सोपी. सगळा फाळका आधी गाडीच्या रंगात रंगवावा. पूर्ण वाळल्यावर स्पंजच्या छोट्या रोलरला नाममात्र रंग लावून अक्षरांच्या माथ्यावरून हलकेच फिरवावा. गावात पाट्या रंगवणारा पेंटर असेल तर त्यालाच बोलवावे. त्याचा हात तुमच्या-आमच्यापेक्षा बरा.

बाजारात नवे नकली बिल्ले मिळतात. लावायचा तर लावा, पण जुना घरात जपून ठेवा. दुसऱ्याच कंपनीचा बिल्ला मात्र बसवू नये. टाटांच्या जुन्या ट्रकवर मर्सिडीजचा तारा दिसतो तो खरा असतो, कारण १९५४ ते १९६९ त्यांचा करारच होता. नंतरच्या ट्रकवर तो कोणी हौसेने लावलेला असतो. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरील गाड्यांच्या नोंदणीचे जे नियम केले, त्यांतही गाडी मूळ रूपात असावी अशी अट आहे. ते नियम दुचाकी आणि प्रवासी चारचाकीसाठी आहेत, म्हणून पिकअपवाल्यांनी आर.टी.ओ. कचेरीत आधी चौकशी करावी.

बिल्ला परत बसवताना तो आणि पत्रा यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा त्याच आकारात कापून घालावा. जस्त आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना लागले की जस्त झिजते. नटांना ग्रीस लावावे, ते बोटांनी बसवून पान्याने अर्धा वेढाच द्यावा. आणि शेवटचा नट मामंजींच्या हातून बसवून घ्यावा.