वाकळेचा वास

दिवाळीला पुण्याहून नात आली होती. मुखेडला तेव्हा पहाटे चांगलाच गारवा असतो. तिने कपाटातून आजीची वाकळ काढली. जुन्या इरकली लुगड्यांची, आमच्या हिने स्वतःच्या हाताने शिवलेली. ती जाऊन दोन वर्षे झाली. सूनबाई म्हणाली, "फार दिवसांची पडून आहे, आज मशीनला लावते." नात वाकळ छातीशी धरून बसली. "नको, आजीचा वास जाईल!"

मी हुंगून पाहिली. मला डांबराच्या गोळ्यांचा वास आला. तरीही मी नातीची बाजू घेतली. ती का घेतली, हे सांगण्यासाठी हा लेख.

यात आठवणीचा भाग मोठा आहे, हे मला मान्य आहे. पण सगळीच आठवण नसावी. १९९९ साली अमेरिकेत डेनिस चेन आणि जीनेट हॅविलँड-जोन्स या दोघींनी एक प्रयोग केला. निरनिराळ्या वयाच्या स्त्रीपुरुषांच्या काखेतला वास कापडात टिपला आणि तो अनोळखी लोकांना हुंगायला दिला. वयस्क स्त्रियांच्या वासाने हुंगणाऱ्यांची उदासी थोडी कमी झाली. फरक लहान होता, पण होता. आपल्या जुन्या ग्रंथांत वडीलधारी माणसे लेकरांच्या मस्तकाचे अवघ्राण करतात, ते उगाच नसावे.

मात्र याचा फार गाजावाजा करू नये. रेशमाच्या पतंगाची मादी एका रसायनाने नराला बोलावते. बुटेनान्ट या शास्त्रज्ञाने ते १९५९ साली ओळखले. तसे एखादे ठरावीक रसायन माणसात आहे, हे अजून सिद्ध झालेले नाही. तेव्हा "फेरोमोनवाले" अत्तर कोणी विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवावेत.

मला खरे अस्वस्थ केले ते दुसऱ्या एका प्रयोगाने. आयुष्यात पहिल्यांदाच विमानातून उडी मारणाऱ्यांचा घाम २००९ साली तपासला गेला. त्याच माणसांचा व्यायाम करताना आलेला घामही घेतला. दोन्ही वास इतरांना दिले. हुंगणाऱ्यांना नाकाने फरक सांगता आला नाही. पण भीतीच्या घामाने त्यांच्या मेंदूतला भीतीशी निगडित भाग जागा झाला, कष्टाच्या घामाने झाला नाही. म्हणजे घाम आणि घाम यांत फरक असतो. तो नाकाला कळत नसला, तरी आत कुठेतरी पोचतो.

हे वाचले आणि मला माझा वर्ग आठवला. एका दुष्काळी सालची गोष्ट. सातवीत एक मुलगा होता. आईवडील ऊसतोडीला गेलेले, तो आजीजवळ राहायचा. अंगाला वास यायचा म्हणून मुले तक्रार करत. मी स्वच्छतेचा धडा शिकवला आणि सगळ्यांदेखत त्याला मागच्या बाकावर, खिडकीजवळ एकटे बसवले. मला वाटले, मी शिस्त लावली. तो वर्षभर तिथेच बसला. घरी पाणी आहे का, रात्री झोप लागते का, कशाची भीती वाटते का, यातले मी एकदाही विचारले नाही.

त्या मुलाचा घाम भीतीचा होता की नुसताच न धुतलेल्या सदऱ्याचा, हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण वास आला की माणसाला दूर सारायचे, हे मला कोणी शिकवले? आपल्याकडे "वास येतो" हे निमित्त करून कितीजणांना दाराबाहेर ठेवले गेले, ते खेड्यात वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

स्वच्छता हवीच. गाडगेबाबांच्या महाराष्ट्रात याबद्दल दुमत नाही. पण २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने लातूरला पाणी आणावे लागले होते. ज्या मुलखात प्यायचे पाणी रुळावरून येते, तिथे अंघोळीवरून लेकराची लायकी ठरवणारे आपण कोण?

म्हणून तरुण शिक्षकांना एवढेच सांगणे आहे. एखाद्या मुलाच्या अंगाला वास आला, तर आधी त्याला बाजूला घ्या आणि घरची विचारपूस करा. साबणाचे नंतर बोला. वास ही तक्रार नाही, ती बातमी आहे.

असो. वाकळ न धुता, नुसती उन्हात टाकून, नातीबरोबर पुण्याला गेली. तो मुलगा आज पन्नाशीच्या घरात असेल. कुठे भेटला, तर त्याला पहिल्या बाकावर बसवायचे राहून गेले, एवढे तरी सांगावे म्हणतो.