पंक्चर काढायला शिकू द्या!

मैत्रिणींनो, ‘अभ्यास नको, नुसती सायकल हवी!’ ही तक्रार आमच्या पेणला काय नि रोह्याला काय, घरोघरचीच. पण तीच सायकल मुलांना वळण लावते बरं का! वीस इंची चाकांची बीएमएक्स सायकल अमेरिकेत १९७० च्या सुमारास मुलांच्याच खेळातून पुढं आली अन् २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहोचली.

पेणच्या गणपती-कारखान्यांत पोरं जुन्या कारागिरांच्या हाताखाली शिकतात ना? तसंच सुट्टीत त्यांना ओळखीच्या सायकलवाल्याकडे बसू द्या. ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे शोधायचे, जागा कोरडी करून घासायची, सोल्युशन लावायचं, ते सुकलं की पॅच दाबायचा. घाई केली की पॅच निघतो; धीर असाच अंगी बाणतो. पावसाळ्यात चेन पुसून तेलाचे थेंब सोडायचे, नाहीतर गंज ठरलेला.

आणि हो, मुलींनाही शिकवा. सायकल पंक्चर म्हणून शाळा बुडवणाऱ्या मुली माझ्या वर्गात आहेत. दुरुस्तीसाठी त्यांनी भावाची वाट का पाहावी? हात काळे झाले, तर खोबरेल तेल अन् साखर चोळून साबणानं धुवावेत. निघतं सगळं!